धावपट्टीकाठचे स्मारक आणि आपली निवाड्याची घाई

१/१२ इंग्लंडच्या लिंकनशरमधील ईस्ट कर्कबी हा दुसऱ्या महायुद्धातला बॉम्बफेकी विमानांचा तळ. १९४३ पासून ५७ आणि ६३० क्रमांकांच्या स्क्वाड्रनची लँकेस्टर विमाने येथून जर्मनीवर जात. आज तेथे एक संग्रहालय आहे आणि न परतलेल्यांचे स्मारक आहे. हा धागा त्या स्मारकाविषयी, आणि त्याहून अधिक आपल्याविषयी.

२/१२ अशा स्मारकाचे छायाचित्र दिसताच दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, ‘हे वीर, प्रश्न विचारणे हाच अपमान.’ दुसरा म्हणतो, ‘हे खुनी, दगड उखडून टाका.’ दोघांनाही विचाराचे कष्ट नको आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कारणे क्रमाने मांडतो.

३/१२ आधी आकडे. बॉम्बर कमांडच्या विमानांतून सुमारे १,२५,००० जण लढले. त्यांपैकी ५५,५७३ मृत्यू पावले, म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. लँकेस्टरमध्ये सात जण असत. सेवेच्या एका पर्वात साधारण तीस मोहिमा. बहुतेकांचे वय विशीतले.

४/१२ ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर गेलेल्या विमानांपैकी ९५ नष्ट झाली. मृतांमध्ये यॉर्कशरमधील तळावरून निघालेला ख्रिस्तोफर पँटन होता. त्याच्या स्मरणार्थ फ्रेड आणि हॅरॉल्ड या धाकट्या भावांनी ईस्ट कर्कबीचे संग्रहालय उभारले. ते सरकारने नव्हे, एका शेतकरी कुटुंबाने उभारले, हे लक्षात ठेवावे.

५/१२ आता दुसरे पारडे. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्ग जळाले. तीस हजारांहून अधिक माणसे मेली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेन उद्ध्वस्त केले. सुमारे २५,००० मृत्यू. त्यांत मुले होती, वृद्ध होते, निर्वासित होते. हे सांगताना ज्यांचा आवाज खाली जातो, त्यांनी वीरपूजा करू नये.

६/१२ हा अपघात नव्हता. ऑगस्ट १९४१ च्या बट अहवालाने दाखवले की लक्ष्यावर मारा केल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एकतृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचत होती. रात्री कारखाना सापडत नव्हता. शहर सापडत होते. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने नागरिकांचे, विशेषतः औद्योगिक कामगारांचे, मनोधैर्य हेच लक्ष्य ठरवले.

७/१२ म्हणजे पाप असेल तर ते धोरणाचे, आणि धोरण लंडनमध्ये ठरले. विमानातल्या तोफचीला लक्ष्य कळत असे ते उड्डाणापूर्वीच्या बैठकीत, भिंतीवरचा नकाशा उघडल्यावर.

८/१२ ‘पण ते सारे स्वेच्छेने आले होते ना?’ होय, आणि हा आक्षेप टाळण्याजोगा नाही. परंतु त्यांनी उड्डाण निवडले, लक्ष्य नव्हे. मध्येच नकार देणाऱ्यावर ‘नैतिक बळाचा अभाव’ असा शिक्का बसे; पद जाई, बिल्ला जाई, अब्रू जाई. याने जबाबदारी पुसली जात नाही. ती कोणी किती वाहावी, एवढे मात्र ठरते.

९/१२ ज्यांनी धोरण आखले ते काय करत होते? २८ मार्च १९४५ रोजी चर्चिल यांनी टिपण लिहून केवळ दहशत वाढवण्यासाठी होणाऱ्या बॉम्बफेकीचा फेरविचार सुचवला. आक्षेप आल्यावर ते मागे घेऊन सौम्य शब्दांत पुन्हा लिहिले. या दलाला स्वतंत्र मोहीम-पदक मिळाले नाही. लंडनमधील स्मारक २०१२ मध्ये झाले, पदकपट्टीवरची खूण २०१३ मध्ये.

१०/१२ म्हणून स्मारकास्मारकांत भेद करावा. १९९२ मध्ये लंडनमध्ये सेनापती हॅरिस यांचा पुतळा उभा राहिला. तो धोरणाचा गौरव आहे. त्याला विरोध समजण्याजोगा आहे. ईस्ट कर्कबीचा दगड कोणत्याही धोरणाचे समर्थन करत नाही. येथून माणसे गेली आणि परतली नाहीत, एवढेच तो सांगतो. दोघांना एकच हातोडा लावणे हा न्याय नव्हे.

११/१२ मात्र वीरपूजकांनाही सूट नाही. जुन्या इंजिनांचा गडगडाट ऐकून रोमांचित होणाऱ्याला ती विमाने काय वाहून नेत होती, हेही सांगितले पाहिजे. लंडनच्या स्मारकावर बॉम्बफेकीत मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचे स्मरण कोरलेले आहे. जे राजधानीत शक्य झाले ते प्रत्येक जुन्या विमानतळावर व्हावे: मृत सैनिकांच्या नावांशेजारी जळालेल्या शहरांची नावे.

१२/१२ शोक आणि जाब या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. मेलेल्या मुलाचा शोक करावा आणि त्याला पाठवणाऱ्याला जाब विचारावा. आपण बहुधा नेमके उलटे करतो: पाठवणाऱ्याचा पुतळा उभारतो आणि मुलाच्या दगडाशी भांडतो. मतभेद अवश्य मांडावेत. आकडे समोर ठेवून मांडावेत. (समाप्त)