वजन ग्रॅममध्ये, सिनेमा अंदाजे

‘शोले’च्या शेवटी गब्बरचं काय होतं? उत्तर द्यायच्या आधी उलट विचारायला हवं, कुठला ‘शोले’? १९७५ साली थिएटरात लागला त्यात ऐन वेळी पोलीस येतात आणि ठाकूर स्वतःला आवरतो. तेव्हा आणीबाणी होती. माजी पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घेऊन गब्बरला संपवावं, हे सेन्सॉरला चाललं नाही. रमेश सिप्पींनी आधी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला मारून टाकतो. हा शेवट पुढे घरगुती व्हिडिओवर फिरत राहिला आणि २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात, नव्यानं दुरुस्त केलेल्या प्रतीत, मोठ्या पडद्यावर दिसला. एकाच नावाचे दोन सिनेमे. एकात सूड पुरा होतो, एकात होत नाही.

आता एखाद्या ऑनलाइन दुकानात जुन्या सिनेमाच्या डिस्कचं पान उघडा. पोस्टर असतं, नटांची नावं असतात. मग ‘पाकिटाची लांबी-रुंदी’. मग ‘वजन : ८० ग्रॅम’. मग ‘उत्पादकाने बंद केले आहे का : नाही’, आणि हे अशा कंपनीच्या डिस्कवर, जिचं दुकान कधीच उठलंय. आत कुठला कट आहे? पडद्याचं प्रमाण काय? ऑडिओ कुठल्या भाषेत? सबटायटल्स आहेत का? याला रकानाच नाही. असला तर रिकामा, आणि भरलेला असला तर विश्वास ठेवू नका.

माझं भांडण याच्याशी आहे. ‘डिस्क कोण घेतं आता’ असं म्हणून ते उडवून लावू नका, त्याकडे येतोच.

कल्ट सिनेमा मुळात पाठभेदांवर जगतो. ‘ब्लेड रनर’ १९८२ साली आला तेव्हा त्यात हॅरिसन फोर्डचं निवेदन होतं आणि शेवट गोड होता. त्या शेवटातली डोंगरदऱ्यांची दृश्यं कुब्रिकच्या ‘द शायनिंग’मधून उरलेल्या फिल्मची. १९९२च्या आवृत्तीत निवेदन गेलं, गोड शेवट गेला, आणि युनिकॉर्नचं एक छोटंसं स्वप्न आलं. त्या स्वप्नामुळे नायक माणूस आहे की यंत्रमानव, हा प्रश्नच नव्यानं उभा राहतो. २००७ साली ‘फायनल कट’ आला. तिन्हींची लांबी जवळपास सारखी, म्हणजे मिनिटं मोजूनही कळायचं नाही. आणि दुकान? सगळ्या आवृत्त्यांचे रिव्ह्यू एकाच पानाखाली ओतून मोकळं. कुणी व्हीएचएसच्या प्रिंटला शिव्या घातल्यात, कुणी ४केच्या रंगांवर फिदा आहे, आणि खाली सरासरी साडेचार तारे. ही सरासरी नेमकी कशाची?

टेरी गिलियमच्या ‘ब्राझील’ची गत आणखी वाईट. दिग्दर्शकाची आवृत्ती १४२ मिनिटांची. स्टुडिओनं टीव्हीसाठी कापलेली ९४ मिनिटांची, तीत प्रेम जिंकतं. ज्या सिनेमाचा सगळा जीव त्याच्या भीषण शेवटात आहे, त्याचं हे गोडघाशी श्राद्ध. दोन्हींचं नाव ‘ब्राझील’च.

आपल्याकडे हे कळायला खरं तर अडचण नसावी. पुण्यात भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं महाभारताची हस्तलिखितं ताडून पाहिली. कुठल्या पोथीत कुठला श्लोक जास्त, कुठे कमी, याची तळटीप लावली. त्याच लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. श्लोक इकडचा तिकडे झाला तर खुलासा मागणारे आपण, अख्खा शेवट बदललेला सिनेमा ‘८० ग्रॅम’ म्हणून गुपचूप घेतो.

‘मग मिनिटं बघून घ्या ना,’ असं म्हणणाऱ्यांसाठी ‘द विकर मॅन’. १९७३चा, ब्रिटिश. वितरकांनी तो जोडसिनेमा म्हणून लावायला ८८ मिनिटांवर आणला. लांब आवृत्ती साधारण ९९ मिनिटांची. २०१३चा ‘फायनल कट’ ९४चा. आता गंमत बघा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी धावतो आणि पाल पद्धतीची डीव्हीडी, म्हणजे युरोपातली आणि आपलीही, २५नं. म्हणजे एकही दृश्य न कापता सिनेमा चार टक्के आखूड होतो. ९९ मिनिटांचा ‘विकर मॅन’ पालवर ९५ भरतो. पानावर ‘९५ मिनिटं’ लिहिलं असेल तर ती लांब आवृत्ती की फायनल कट? सांगा बघू. शिवाय त्याच नावाचा निकोलस केजचा २००६चा रिमेक आहे, त्याचेही रिव्ह्यू खाली येऊन बसलेले असतात.

मी हा सिनेमा एका ऑनलाइन दुकानातून मागवला. पानावर ‘सर्व प्रदेशांत चालेल’ असं होतं. आली ती बी प्रदेशाची ब्लू-रे. त्या नकाशात भारत सी प्रदेशात येतो, रशिया आणि चीनच्या पंगतीत. प्लेअरनं नकार दिला. परत पाठवायला गेलो तर कारणांची यादी : वस्तू तुटलेली, वस्तू चुकीची, आता नको. ‘चुकीची’वर बोट ठेवलं. उत्तर आलं, बारकोड बरोबर आहे.

खरं दुखणं इथे आहे. दुकानाला सिनेमा कळत नाही, बारकोड कळतो. पण ही माहिती दुर्मीळही नाही! क्रायटेरियन, अ‍ॅरो, युरेका या कंपन्या कट, लांबी, पडद्याचं प्रमाण, प्रदेश, सबटायटल्स, सगळं डब्याच्या मागच्या बाजूला छापतात. त्या मागच्या बाजूचा एक फोटो पानावर टाकायला किती खर्च येतो? शून्य. बुटाच्या तळव्याचे सहा फोटो टाकणारं दुकान डिस्कची पाठ दाखवत नाही.

आता ‘स्ट्रीमिंग आहे की’वाल्यांकडे. २०२३ साली प्रेक्षकांच्या लक्षात आलं की १९७१चा ऑस्कर-विजेता ‘द फ्रेंच कनेक्शन’ काही डिजिटल सेवांवर कापून दाखवला जातोय. नायकाच्या तोंडची एक वर्णद्वेषी शिवी असलेला तुकडा गायब. सूचना नाही, पाटी नाही. पोलीस नायक किती विखारी आहे, हे दाखवणारा तो प्रसंग. मूळ सिनेमा राहिला तो ज्यांच्या कपाटात जुनी डिस्क होती त्यांच्याकडे. कपाटातली डिस्क रात्रीत बदलत नाही. म्हणूनच ती कुठली, हे विकताना सांगायला हवं.

मराठीत तर आणखी आनंद. मोजर बेअरनं २००७च्या सुमारास २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढल्या तेव्हा घराघरात सिनेमे आले, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचं. तुमच्या फुल एचडी फोनच्या पडद्यावर त्याच्या वीसपट बिंदू असतात. ‘अशी ही बनवाबनवी’ किंवा ‘झपाटलेला’ ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांनी जुन्या मराठी डिस्कची पानं जरूर चाळावीत. मी पाहिलेल्या एका पानावर भाषेच्या रकान्यात ‘हिंदी’ होतं, प्रकाराच्या रकान्यात ‘डीव्हीडी’, आणि फोटोतल्या डब्यावर ठसठशीत ‘व्हीसीडी’.

उलट कमल स्वरूपचा ‘ओम दर-ब-दर’ बघा. १९८८चा सिनेमा वर्षानुवर्षं खराब कॉप्यांवर जगला. एनएफडीसीनं तो दुरुस्त केला आणि २०१४ साली थिएटरात लावला. आता कुणी या नावाची डिस्क विकत असेल तर ती त्या धुवट कॉपीवरून काढलेली की दुरुस्त प्रतीवरून, एवढंच विचारायचं असतं. त्यावर डिस्क घ्यायची की नाही हे ठरतं.

सध्या मी प्रत्येक विक्रेत्याला तीनच गोष्टी विचारतो : कुठली आवृत्ती, कुठला प्रदेश, मागच्या बाजूचा फोटो मिळेल का. परवा एकाचं उत्तर आलं : ‘सर, सीडी एकदम ओरिजिनल आहे, पॅकिंग चांगलं करून देतो.’