एका वेळी एकच बदल

या सदरात मी बहुधा शाळा, भाषा आणि घर यांविषयी लिहितो. आज मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरविषयी लिहीत आहे, हे पाहून वाचकांना नवल वाटेल. पण ज्या घरात वीस-बावीस वर्षांचा मुलगा आहे आणि अंगणात डर्ट बाइक उभी आहे, त्या घराला हा विषय परका नाही. आमच्या घराने तर त्याची किंमत मोजली आहे, आणि त्या किमतीतला मोठा वाटा माझ्या नावावर आहे. म्हणून हा लेख.

माझ्या पुतण्याने १०० सीसीची एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल विकत घेतली. तिचे दिवे काढले, ऑइलचा पंप काढून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळण्याची सोय केली, बटण टायर चढवले आणि मातीच्या धावपट्टीवर पळवण्यासाठी ती सज्ज केली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींवर बहुतेक फ्युएल इंजेक्शनच येऊ लागले. तेथे मिश्रणाचा हिशेब यंत्रच ठेवते. जुन्या गाडीत मात्र तो हिशेब माणसाला ठेवावा लागतो. पुतण्या तो एका वहीत ठेवी आणि मी संध्याकाळी पडवीत स्टूल टाकून पाहत बसे. जे शिकलो ते त्याच्याकडूनच.

कार्ब्युरेटरचे तत्त्व सोपे आहे. नळीतून वाहणारी हवा अरुंद जागी आली की तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. बर्नुलीने १७३८ मध्ये आणि व्हेंचुरीने १७९७ मध्ये जे मांडले, तेच हे. त्या कमी दाबामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रांतून वर ओढले जाते आणि हवेत मिसळते. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. पेट्रोल याहून अधिक झाले तर मिश्रण ‘रिच’, कमी झाले तर ‘लीन’. रिच मिश्रणाने गाडी जड चालते, धूर ओकते, प्लग काळा करते. नुकसान बहुधा तेवढ्यावरच थांबते. लीन मिश्रणाने इंजिन तापते. ज्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येते, तेथे पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. हा भेद पालकांनीही लक्षात ठेवावा, कारण पुढची सारी गोष्ट त्यावर उभी आहे.

गाडी मिसिंग मारू लागली की मुले पेचकस घेऊन थेट कार्ब्युरेटरवर तुटून पडतात. पुतण्याच्या वहीचे पहिले पान सांगते की, कार्ब्युरेटरचा नंबर शेवटचा. आधी एअर फिल्टर पाहावा. मातीत फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर एका दिवसात चोंदतो आणि मिश्रण रिच होते. मग प्लग नवा घालून पाहावा. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असेल, तर गाडी थोडा वेळ चालून बंद पडते आणि झाकण उघडताच पुन्हा सुरू होते. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधील रबराला चीर गेली असेल, तर तेथून चोरटी हवा शिरते. इंजिन चालू असताना त्या जोडावर थोडे पाणी फवारावे, इंजिनाचा आवाज बदलला तर चोर सापडला. एवढे निर्दोष निघाले तरच कार्ब्युरेटर उतरवावा. हे काम उघड्यावर करावे आणि जवळपास कोणी विडी-सिगारेट ओढू नये.

उतरवल्यावर प्रथम वाटी पाहावी. फ्लोटची सुई झिजली की पेट्रोल थांबत नाही, वाहून जाते. फ्लोटची पातळी त्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मिलिमीटरांप्रमाणे हवी. ती उंच असेल तर उडीनंतर गाडी टेकताच इंजिन घुसमटते, आणि सवार उगाच जेट बदलत बसतो. जेट स्वच्छ करताना त्यात तार घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र मोठे होते, आणि मग जेटवर छापलेला आकडा खोटा ठरतो. क्लीनर आणि हवेचा झोत पुरेसा आहे.

यानंतर खरी मेख. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलच्या वाटा अनेक असतात आणि मूठ किती पिळली आहे त्यावर कोणती वाट बोलते ते ठरते. मूठ मिटलेली असल्यापासून सुमारे पावपर्यंत पायलट जेट आणि बाजूचा स्क्रू यांचे राज्य. तेथून पाऊणपर्यंत मुख्यतः सुईचे, म्हणजे नीडलचे. आणि पाऊणपासून पुरत्या उघड्या मुठीपर्यंत मेन जेटचे. म्हणून पुतण्याने मुठीवर पांढरी पट्टी चिकटवून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या होत्या. दोष कोणत्या खुणेवर येतो ते पाहिले की अर्धे निदान झाले. मग त्याच खुणेवर चोक किंचित ओढावा. गाडी सुधारली तर मिश्रण लीन होते. अधिक बिघडली तर रिच.

बाजूच्या स्क्रूविषयी एक सावधगिरी. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो. आत फिरवला की मिश्रण रिच होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल मोजतो. आत फिरवला की लीन होते. म्हणजे एकाच हालचालीचा अर्थ दोन गाड्यांत उलट. जुन्या टू-स्ट्रोकवर बहुधा पहिला प्रकार असतो, फोर-स्ट्रोकवर बहुधा दुसरा. इंजिन गरम झाल्यावर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्यावा, दीड फेरा बाहेर काढावा, आणि तेथून मागेपुढे करून इंजिन सर्वांत सरळ व वेगाने फिरते ती जागा शोधावी. ती जागा एका फेऱ्याच्या आत किंवा अडीच फेऱ्यांच्या पलीकडे आली तर समजावे की पायलट जेटच चुकीचा आहे.

सुईला वर खाचा असतात आणि एका खाचेत बारीक क्लिप बसते. क्लिप वरच्या खाचेत नेली की सुई खाली उतरते आणि मिश्रण लीन होते. खालच्या खाचेत नेली की रिच. एका वेळी एकच खाच. मेन जेटसाठी नेहमी मोठ्या क्रमांकापासून सुरुवात करून खाली यावे, कारण चूक झालीच तर ती रिचच्या बाजूला व्हावी. मोकळ्या, सुरक्षित पट्टीवर मूठ पूर्ण उघडून थोडे अंतर जावे, मग एकाच वेळी क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. आतील चिनी मातीचा रंग दुधाच्या चहासारखा असावा. काळा म्हणजे रिच. पांढराफटक म्हणजे धोका.

वहीच्या प्रत्येक पानावर वर एकच वाक्य होते : ‘एका वेळी एकच बदल.’ जेट, सुई आणि स्क्रू एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तरी कशाने सुधारली ते कळत नाही. बिघडली तर परतीची वाट राहत नाही. मी शाळेत मुलांना गणिताची पायरी गाळू नका म्हणून सांगतो, ती हीच गोष्ट. त्यामुळे ही वही मला फार आवडली होती. आवडली होती, पण मी ती पुरती मानली नव्हती, हे पुढे कळले.

गेल्या वर्षी मार्च महिन्यात गोव्यात मातीवरच्या एका शर्यतीसाठी तो जाणार होता. आदल्या दिवशी दुपारी, कडक उन्हात, आपल्या गावाबाहेरच्या माळावर त्याने गाडी तयार केली. मेन जेट एक क्रमांक लहान घातल्यावर गाडी वरच्या टप्प्यात इतकी मोकळी पळू लागली की मीसुद्धा टाळी वाजवली. प्लगचा रंग फिकट होता, पण चालण्याजोगा होता. गाडी टेम्पोत चढवून आम्ही चोर्ला घाटाने खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सरावाची फेरी होती. हवेत गारवा होता. पुतण्या म्हणाला, “काका, इथली हवा जड आहे. एक जेट मोठा घालून बघू की.”

मी म्हणालो, “काल तर चांगली पळत होती. चालत्या गाडीला हात लावू नये. आणि फेरीला उशीर होईल.”

तो क्षणभर थांबला. मग त्याने हत्यारांची पेटी बंद केली. आमच्या घरात वडीलधाऱ्यांचा शब्द मोडत नाहीत.

तिसऱ्या फेरीत सरळ पट्टीवर, मूठ पूर्ण उघडी असताना, पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला. मागचे चाक जागीच थांबले आणि मुलगा गाडीसकट फेकला गेला. हेल्मेट आणि छातीवरचे कवच होते म्हणून कॉलरबोन मोडण्यावर निभावले. सहा आठवडे हात गळ्यात बांधून होता.

तो बरा झाल्यावर आम्ही सिलिंडर उघडला. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे होते आणि प्लगची चिनी माती खडूसारखी पांढरी होती. कारण स्पष्ट होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. तेथील हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा, तपमान सारखे धरले तरी, सुमारे ८ टक्के विरळ असते. त्यात आम्ही गाडी तयार केली ती तापलेल्या दुपारी, आणि पळवली ती गार सकाळी. दुपारच्या आणि सकाळच्या तपमानात १२ अंशांचा फरक असला तरी हवा आणखी ४ टक्के जड होते. जड हवा म्हणजे अधिक प्राणवायू. जेटचे छिद्र मात्र तेवढेच. आधीच काठावर असलेले मिश्रण काठापलीकडे गेले. पुतण्याने नेमके हेच ओळखले होते. एक-दोन क्रमांक मोठा जेट, आणि दहा मिनिटांचे काम.

त्या दिवसाचे वहीचे पान मी नंतर पाहिले. फेरीपूर्वी त्याने लिहिले होते : ‘मेन जेट : बदल नाही. काका नको म्हणाले.’ त्यात तक्रार नव्हती; इतर नोंदींसारखी ती एक नोंद होती. माझ्या भावानेही मला आजवर एक शब्द विचारलेला नाही. पण मुख्याध्यापकाच्या आवाजाची मला तीस वर्षांची सवय आहे, आणि त्या आवाजापुढे एका जाणत्या मुलाने आपले ज्ञान पेटीत बंद केले, हे मी विसरू शकत नाही. ‘चालत्या गाडीला हात लावू नये’ हे मी म्हणालो ते कालच्या गाडीविषयी होते. हवा बदलली तेव्हाच ती वेगळी गाडी झाली होती.

आणखी एक बदल आपल्या सर्वांच्या टाकीत येऊन बसला आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. आपल्या जिल्ह्यातील उसाशी त्याचे नाते आहेच. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते; वजनाच्या सुमारे ९ पट. म्हणून जुन्या पेट्रोलवर बसवलेला जेट या पेट्रोलवर थोडा लीन ठरतो. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटीतले पेट्रोल काढून टाकावे. नाही तर पायलट जेट चोंदतो आणि दसऱ्याला पूजेपुरतीही गाडी सुरू होत नाही.

असो. गाडीला नवा पिस्टन बसला आहे. वहीत जेट, सुई आणि स्क्रू यांच्या रकान्यांच्या आधी आता तीन रकाने वाढले आहेत : ठिकाण, वेळ, तपमान. ते आखून द्यायला पुतण्याने मला सांगितले, आणि मी पट्टी घेऊन आखून दिले. गेल्या महिन्यात तो पुन्हा गोव्याला गेला. मीही गेलो. सकाळी त्याने जेट बदलला, एक फेरी मारून आला, प्लग काढून माझ्यापुढे धरला आणि विचारले, “काका, कसा वाटतो?”

रंग चहाचा होता. तरीही मी म्हणालो, “तू सांग.”