कशावरून?

वर्षाचा आढावा घेण्याचा रिवाज आहे, तो आधी उरकून घेतो. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यात उभी पिके तर नेलीच, शेतातली मातीही नेली. शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे दोन शासननिर्णय आले आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतले गेले.

या तिसऱ्या प्रकरणात आम्हीही तावातावाने बोललो. पण जिच्यासाठी भांडलो त्या मराठीतला एखादा उतारा वाचून त्यावरच्या प्रश्नाचे पाच ओळींचे पूर्ण उत्तर आपला नववी-दहावीचा मुलगा लिहू शकतो का, हे कुणीच विचारले नाही. वर्षभर टोचत राहिले ते हे.

टोचण्याचे कारण उत्तरपत्रिका. एका वाचनस्पर्धेच्या तपासायला आल्या होत्या. 'श्यामची आई'तले श्यामच्या पोहण्याचे प्रकरण मुलांच्या हाती दिले होते आणि प्रश्न होता, या प्रकरणातून आईचा स्वभाव कसा दिसतो? जवळपास प्रत्येकाने लिहिले: प्रेमळ, कष्टाळू, संस्कारी. काहींनी त्यागमूर्तीही लिहिले. शाई वेगळी, अक्षर वेगळे, उत्तर एकच. प्रकरण न वाचताही ते लिहिता आले असते.

वाचले असते तर अडखळायला हवे होते. कारण या प्रकरणातली आई हातात फोक घेते. पोहायला घाबरून लपलेल्या पोराला बाहेर काढते, मारते आणि विहिरीवर पाठवते. मग प्रेमळ कशावरून? उत्तर आहे, पण ते पुढे जाऊन शोधावे लागते. पोराच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात आणि आपल्या श्यामला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून मारले, हे ती त्याला समजावते. एखाद्या मुलीने 'आई कठोर वाटते, कारण ती मारते; पण नंतर वळ पाहून रडते, म्हणून तो कठोरपणा काळजीतून आलेला आहे' एवढे जरी लिहिले असते, तरी तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते. तिने 'आई चुकलीच' असे लिहून पुस्तकातला आधार दिला असता, तरीही दिले असते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले ते तीन विशेषणे पाठ व्हावीत म्हणून नव्हे.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. दहावीला २०१९ पासून प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. उतारा तिच्यातच छापलेला असतो, म्हणजे पुरावा मुलाच्या डोळ्यांसमोर असतो. तरी स्वतःचे मत मागणाऱ्या 'स्वमत' प्रश्नाचे उत्तरसुद्धा गाइडातून पाठ करून नेले जाते! मुद्दा सापडला की गुण, पान भरले की आणखी अर्धा. घोकणाऱ्याला यापेक्षा सोयीचे काय हवे? जुन्या लोकांना आपले 'संदर्भासह स्पष्टीकरण' आठवून गहिवर येतो. तेही आपण पाठच करत होतो, हे ते सोयीने विसरतात.

शिकवायला काही अवघड नाही, वेळ मात्र लागतो. मुलाने उत्तर दिले की बाईंनी एवढेच म्हणायचे, ओळीवर बोट ठेव. मग ती ओळ तशीच उतरवायची नाही, स्वतःच्या शब्दांत सांगायची आणि या ओळीवरून असे का म्हणतोस, ते पुढच्या वाक्यात लिहायचे. बहुतेक उत्तरे या शेवटच्या वाक्याआधीच संपतात. पहिले वाक्यही असे हवे, की प्रश्न झाकला तरी उत्तर कशाचे आहे ते कळावे. 'कारण ती चांगली होती' हे उत्तर नव्हे, उत्तराचा तुकडा झाला. दोन उत्तरे फळ्यावर लिहून कोणते पटते आणि का, यावर वर्गाला तासभर भांडू द्यावे. साठ वह्या, वर मतदारयाद्या आणि सर्वेक्षणे सांभाळणाऱ्या बाईंना हा तास कोण देणार, हे शासनाने सांगावे.

यंदाच्या अंकाचा विषय 'साक्षीपुरावा' ठेवला तो या वैतागातूनच. इतिहास, न्यायालय, विज्ञान असे विभाग आत आहेत. गावोगाव फिरून दप्तरे धुंडाळणाऱ्या आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापणाऱ्या इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचा हा प्रदेश आज फॉरवर्ड आलेल्या मजकुरावर 'अगदी खरे' लिहून मोकळा होतो. असे लिहिणारी माणसे म्हणजे काल घोकून पैकीच्या पैकी मिळवणारी मुलेच आहेत.

तेव्हा अंक वाचून पत्र लिहाल, तेव्हा 'अंक वाचनीय झाला आहे' एवढ्यावर भागवू नका. कोणता लेख, त्यातले कोणते वाक्य, ते का पटले किंवा का नाही, हे लिहा. या संपादकीयाबद्दलही तसेच लिहा. पुढच्या अंकात फक्त अशाच पत्रांना जागा मिळेल.