गुन्ह्याला त्याचे खरे नाव द्या!

नवदीक्षित बौद्ध बंधू-भगिनींनो,

आपल्यापैकी कोणावर गावात हल्ला झाला आणि आपण फिर्याद देण्यास पोलीस ठाण्यात गेलो, की एक प्रश्न हमखास विचारला जातो : "जात कोणती?" आपला मनुष्य ताठ मानेने उत्तर देतो, "आम्ही बौद्ध. आम्हांला जात नाही." धम्माच्या दृष्टीने हे उत्तर सर्वस्वी खरे आहे. परंतु फिर्याद तेवढ्यावरच थांबली, तर जातीच्या द्वेषाने झालेला हल्ला साधी मारामारी म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो. या एका नोंदीवर पुढचा सारा न्याय अवलंबून आहे, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

कायद्याने हा भेद ओळखण्यास फार काळ घेतला. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात शिक्षा होती ती ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. विहिरीवर वा देवळात मज्जाव करणे, असे गुन्हे त्यात होते. आमची माणसे मारली गेली, घरे जाळली गेली, स्त्रियांची विटंबना झाली, तर ते खटले सर्वसाधारण दंडसंहितेखाली चालत. जणू ते बांधावरचे भांडण होते! १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने ही दृष्टी बदलली. हा कायदा ३० जानेवारी १९९० रोजी अमलात आला. दंडसंहितेप्रमाणे ज्या गुन्ह्यास १० वर्षे वा अधिक शिक्षा आहे, तो गुन्हा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीविरुद्ध तिच्या जातीच्या कारणावरून केल्यास जन्मठेप, असे त्याच्या कलम ३(२)(५) मध्ये ठरले. गुन्ह्याचा एक नवा वर्गच कायद्याने निर्माण केला. त्याच १९९० साली बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या आदेशात झाला. १९५६ च्या धर्मांतरानंतर तब्बल ३४ वर्षे केंद्राने आपणांस त्या यादीबाहेर ठेवले होते, याचा विसर पडू देऊ नका.

पण कायदा झाला म्हणजे न्याय झाला, असे नाही. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले; सहांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. परंतु अत्याचार कायद्याखालील आरोप मान्य केले नाहीत. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद दिली. आणि जातीय अत्याचाराचे कलम तेव्हाही लागले नाही. चार मृतदेह न्यायालयाला दिसले. जात मात्र दिसली नाही!

या अनुभवातून कोणता धडा घ्यावयाचा? पुष्कळांच्या तोंडी "फाशी द्या" हीच मागणी असते. संताप समजण्यासारखा आहे. परंतु पूज्य बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी घटना समितीत काय मत मांडले, ते आठवा. देहदंड अजिबात रद्द करावा, कारण या देशातील लोक आचरणात नसले तरी तत्त्वतः अहिंसा मानतात, असे त्यांनी सांगितले. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील घेतलेल्या आपण तरी फाशीला न्यायाचे माप का मानावे? खैरलांजीत फाशीचा हुकूम झाला आणि तो बदललाही. उणीव राहिली ती गुन्ह्याला त्याचे खरे नाव न मिळाल्याची.

ही उणीव कमी करण्यासाठी २६ जानेवारी २०१६ पासून कायद्यात सुधारणा अमलात आली. पूर्वी "जातीच्या कारणावरून" गुन्हा केला, हे सिद्ध करावे लागे. आता पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे ठाऊक असताना गुन्हा केला, एवढे पुरेसे आहे. शिवाय आरोपीचा पीडिताशी वा त्याच्या कुटुंबाशी परिचय असेल, तर जात त्याला ठाऊक होती, असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. गावात कोण कोणाला ओळखत नाही?

तेव्हा कोणी विचारील, "जात सोडली, मग दाखला कशाला बाळगावा?" त्याला स्पष्ट उत्तर द्या. आपण काय मानतो, हे हे कलम विचारीत नाही. हल्लेखोराला काय ठाऊक होते, हे ते विचारते. आपण जात टाकली, पण त्याने ती आपल्यावर लादण्याचे सोडलेले नाही. तो दाखला आपल्या अंगावरचा डाग नव्हे; त्याच्या मनातील मळाचा पुरावा आहे. त्याने बावीस प्रतिज्ञांना बाध येत नाही.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने जातीचा दाखला काढून जपून ठेवावा. फिर्यादीत धर्म बौद्ध सांगावा, आणि दाखल्यातील जातही सांगावी. आरोपी आपणांस केव्हापासून ओळखतो, हल्ल्याच्या वेळी कोणते शब्द उच्चारले, हे लिहवून घ्यावे. फिर्याद वाचून दाखविल्याखेरीज सही करू नये, आणि तिची प्रत विनामूल्य मागून घ्यावी. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याकडे नसावा, आणि दोषारोपपत्र ६० दिवसांत जावे, असा नियम आहे. फिर्याद घेण्यास नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवावी. अनुसूचित जाती-जमातींबाहेरील जो लोकसेवक या कामी हेतुपुरस्सर कसूर करील, त्यालाच ६ महिने ते १ वर्ष कैदेची तरतूद कलम ४ मध्ये आहे.

शिक्षा किती, हा प्रश्न न्यायाधीशाचा. गुन्हा कोणता, हे पहिल्या दिवशी निर्भयपणे सांगणे हे मात्र आपले काम आहे. ते दुसऱ्यावर सोपवू नका. जय भीम!