ऑफर लेटरवर ‘अप्रेंटिस’ की ‘ट्रेनी’? वऱ्हाडातल्या इंजिनीअरने सहीआधी हे वाचाच

अमरावतीच्या वेलकम पॉइंटवरून रात्री पुण्याला सुटणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये निकालानंतर मेकॅनिकलची पोट्टी हमखास दिसतात. सोबत फाइल, मार्कशीट आणि चाकणमधल्या मित्राचा पत्ता. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय अमरावतीत 1964 पासून आहे, पण गाड्यांचा मोठा कारखाना अमरावती-अकोल्यात नाही. जवळचा म्हणावा तर महिंद्राचा नागपूरचा ट्रॅक्टर कारखाना. नाहीतर वाळूज किंवा चाकण-भोसरी.

तिथे पोहोचल्यावर हाती येणारं पहिलं पत्र अनेकदा ‘अप्रेंटिस’चं असतं. घरी मात्र ‘कंपनीत लागला’ असंच कळवलं जातं. या दोन गोष्टींत बराच फरक आहे.

अप्रेंटिस कायदा 1961 चा. 1973 च्या दुरुस्तीने त्यात पदवी-पदविकाधारक इंजिनीअर आले. या कायद्यानुसार अप्रेंटिस हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. त्याला मिळतो तो पगार नव्हे, स्टायपेंड. 2019 मध्ये पदवीधरासाठी त्याची किमान रक्कम महिना 9,000 रुपये ठरली होती. एवढ्यात भोसरीतली कॉट आणि मेस भागवताना काय होतं, ते वेगळं सांगायला नको. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचं बंधनही कंपनीवर नाही. मात्र प्रशिक्षणानंतर तिथेच काम करण्याची अट करारात असेल, तर योग्य नोकरी देऊ करणं कंपनीला भाग आहे. ही ओळ करारात आहे का, ते आधी शोधावं. कामावर इजा झाली तर भरपाईची तरतूद कायद्यात आहे आणि अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम करवून घेता येत नाही. अनेकांना हे ठाऊकच नसतं.

‘ट्रेनी’ शब्द त्याहून फसवा. कंपनीच्या पगारपत्रकावरचा ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनीही ट्रेनीच आणि ठेकेदाराने पाठवलेला मुलगाही ट्रेनीच. पगार कोण देणार, पीएफ कापणार का, कायम केव्हा करणार, हे लेखी असावं.

मग अप्रेंटिसशिप नाकारावी का? अजिबात नाही. चूक होते ती नाव पाहून कारखाना निवडण्यात. नामांकित कंपनीच्या असेंब्ली लाइनवर वर्षभर एकच बोल्ट आवळण्यापेक्षा सुटे भाग बनवणाऱ्या मध्यम कारखान्याचा क्वालिटी विभाग कितीतरी बरा. गाडी कंपनीला नवा भाग नियमित पुरवण्याआधी मोजमापं, नमुने, प्रक्रियेचे कागद देऊन मंजुरी घ्यावी लागते. तिला ‘पीपॅप’ म्हणतात. भाग नापास होऊन परत आला की कारण शोधून ‘एट-डी’ अहवाल लिहावा लागतो. ही दोन कामं हाताखालून गेलेला मुलगा पुढच्या मुलाखतीत बोलू शकतो. कॅटियाच्या क्लासला पैसे भरण्याआधी ड्रॉइंग वाचायला आणि व्हर्नियर नीट धरायला येतं का, हेही तपासावं. हा शेवटचा सल्ला कुणालाच आवडत नाही.

विभाग कोणता मिळणार आणि मागच्या बॅचमधले किती जण कायम झाले, हे ट्रॅव्हल्सचं तिकीट काढण्याआधीच विचारावं. एचआरपेक्षा कॉलेजचा सीनिअर लवकर आणि खरं सांगतो.