दडपे पोहे मुलांनाच करू द्या

बालवाडीच्या ताईंनो आणि पालकांनो,

बालवाडीतला 'स्वयंपाकाचा तास' अनेकदा कसा होतो ते आपण पाहिलं आहे. डोक्यावर कागदी टोप्या, ताईंनी आधीच कालवलेली भेळ, मुलाच्या हाती नुसता चमचा आणि समोर मोबाइल. फोटो निघाला की तास संपला. यात मुलाने केलं काय? म्हणून विनंती एवढीच, की काम खरोखर मुलांच्या हाती द्या.

सुरुवात दडपे पोह्यांनी करा. विस्तव लागतो तो फोडणीपुरता. ती ताईंनी मुलांपासून दूर करावी आणि कोमट झाल्यावर घालावी. कांदा चिरून, खोबरं खवून ठेवावं, मिरचीला सुट्टी. बाकीचं पाच-सहा मुलांच्या गटाला सहज जमतं. साबणाने हात धुऊन झाले की कुणी पातळ पोहे निवडेल, कुणी कोथिंबीर खुडेल, कुणी नारळाचं पाणी शिंपडेल. अर्धं लिंबू पिळताना चार वर्षांच्या पोराचा चेहरा लाल होतो. होऊ द्या, हातातून काढून घेऊ नका. उद्या पेन्सिल धरायची ती याच बोटांनी. मीठ तीन चिमूट, साखर दोन चिमूट, हे सगळ्यांनी मोठ्याने मोजायचं. मग कालवून, झाकण ठेवून, वर वजन ठेवून पोहे अर्धा तास दडपायचे. तेवढ्यात दहा वेळा "झालं का?" येईल. प्रत्येक वेळी झाकण उघडू नका.

मीठवाला मीठ विसरला तर सगळ्यांचेच पोहे अळणी होतात. आपल्या कामावर दुसऱ्याचं खाणं अवलंबून आहे, हे मुलाला सांगून कळत नाही, असं कळतं.

यात नवीन काही नाही. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममध्ये बालगृह सुरू केलं. तिथे चार वर्षांची मुलं टेबल मांडत, सूप वाढत. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत बालवाडी वाड्यावस्त्यांवर नेली, आणि शिंपले, खडे, बिया हीच मुलांची साधनं केली. कोथिंबिरीची जुडी त्याच जातीची.

काळजी मात्र कडक घ्या. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका. ती श्वासनलिकेत अडकतात. दाण्याचं बारीक कूट चालेल, पण कुणाला कशाची ॲलर्जी आहे का, हे पालकांना आधी विचारा. सर्दी किंवा जुलाब झालेल्या मुलाला त्या दिवशी कालवायला बसवू नका. ताटल्या मांडायचं कामही कामच आहे.

पालकांनो, त्या दिवशी मुलांना जुने कपडे घाला, मळणारच. मुलगा कोथिंबीर खुडतोय म्हणून हसू नका. घरी आल्यावर "काय खाल्लंस?" असं नको, "तू काय केलंस?" असं विचारा. डब्यातून वाटीभर पोहे घरी आले तर चाखा. खारट लागले तर तोंडदेखलं "छान" म्हणू नका, खारट झालेत असं सांगा. पुढच्या वेळी तो दोनच चिमूट घालील.