विंचवाचं बिऱ्हाड पार्किंगमध्ये!

शनिवार सकाळ. अख्खी सोसायटी झोपेत, घरात पोहे अजून भिजायचेत आणि खाली पार्किंगमध्ये एका गाडीचं बॉनेट सताड उघडं. त्यात कंबरेपर्यंत बुडालेला एक माणूस. वॉचमनकाका काळजीनं विचारतात, 'काय साहेब, बंद पडली का?' आतून उत्तर येतं, 'नाही काका, बंद पडू नये म्हणून!'

हा प्राणी पुण्या-मुंबईत बऱ्याच पार्किंगमध्ये सापडतो. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत नाहीतर बीकेसीत एसीत बसायचं, स्क्रीनकडे बघत डोळे दुखवून घ्यायचे आणि वीकेण्डला मस्तपैकी हात काळे करायचे, हा त्याचा फंडा. बाकीचे ट्रेकला जातात, मॉलमध्ये जातात, काहीच नाही तर झोपा काढतात. हा मात्र दहा नंबरचा पाना शोधत असतो. (तो कधीच सापडत नाही. जगातल्या सगळ्या गॅरेजमधून दहा नंबरचा पानाच का गायब होतो, हा संशोधनाचा विषय आहे.) आणि याच्या प्रेमाचं नाव एकच... टर्बो!

आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधला एक जण असाच. दोनेक वर्षांपूर्वी त्यानं सेकंडहॅण्ड अबार्थ पुंटो घेतली. घरच्यांना वाटलं, चला, फियाट घेतली, साधी गाडी आहे. त्याला माहीत होतं, ही साधी नाही!

हा विंचू आला कुठून?

कार्लो अबार्थ हा व्हिएन्नात जन्मलेला माणूस. १९४९ मध्ये त्यानं इटलीत स्वतःच्या नावाची कंपनी काढली. साध्यासुध्या, मुख्यतः फियाटच्या छोट्या गाड्या घ्यायच्या आणि त्यांना पळायला शिकवायचं, हा तिचा उद्योग. त्याची रास वृश्चिक, म्हणून कंपनीच्या बोधचिन्हावर विंचू. आज लोक कस्टमायझेशन म्हणून जे काय करतात, ते या माणसानं तेव्हाच धंदा म्हणून केलं.

हा विंचू ऑक्टोबर २०१५ मध्ये अबार्थ पुंटोवर बसून भारतात आला, आणि तोही आपल्या घराजवळ. गाडी तयार व्हायची पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, सुमारे १४५ पीएस ताकद, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि लाँचच्या वेळी दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार. दहा लाखांच्या आत एवढी ताकद देणारी दुसरी हॅचबॅक तेव्हा भारतात नव्हती. वरकरणी मात्र चेहरा तोच, मावशीच्या पुंटोसारखा. सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागायचा नाही!

पण खप काही झाला नाही. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ नियम लागू झाले, तोवर फियाटनं इथल्या शोरूममधून बाडबिस्तरा आवरला होता. रांजणगावात आता जीप बनतात. म्हणजे कंपनी गेली आणि विंचू मागे राहिला. त्याचं बिऱ्हाड आता आमच्या मित्रासारख्यांच्या पार्किंगमध्ये! काही पार्ट अजून मिळतात, काहींसाठी वाट बघावी लागते, काहींसाठी पुण्यातली नाना पेठ नाहीतर कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालावा लागतो. त्यामुळे या गाडीशी खेळताना एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. मोडलं तर नवीन मिळेलच, याची गॅरंटी नाही.

धुरावर फिरणारा पंखा

टर्बो म्हणजे नेमकं काय? अगदी साधं आहे. इंजिनातून गरम धूर बाहेर पडतो. तो फुकट घालवण्याऐवजी त्याच्यावर एक छोटा पंखा फिरवायचा. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा. हा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करायला मध्ये इंटरकूलर. झालं!

पण गंमत पुढे आहे. हा पंखा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेऱ्या मारू शकतो. एका बाजूला लालबुंद व्हावा इतका तापलेला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि मधला दांडा फिरतो तो इंजिन ऑइलच्या पातळशा थरावर. तो थर गेला की टर्बो गेला. म्हणून टर्बोवाल्यांच्या गप्पा पॉवरवर सुरू होतात आणि ऑइलवर येऊन थांबतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच सिंथेटिक ऑइल, वेळेआधी बदललं तर उत्तम, वेळेनंतर मुळीच नाही. घाट चढून आल्या आल्या खटकन चावी फिरवून गाडी बंद करायची नाही. शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश चालवायची, मिनिटभर आयडलिंगवर ठेवायची. नाहीतर तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल जळून त्याची काजळी धरते.

मित्राची बायको म्हणते, 'घरी आल्यावर हा पाच मिनिटं गाडीतच बसून असतो. आधी मला वाटायचं, ऑफिसचे फोन घेतोय!'

ताम्हिणीनं शिकवलं

गाडी घेऊन तीन आठवडे झाले होते. मागच्या सीटवर आई-बाबा, शेजारी बायको, आणि दिवेआगरचा बेत. आधीच्या मालकानं गाडीवर दणकून खर्च केला होता. इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेलं, म्हणजे रिमॅप. मोठा एक्झॉस्ट. वेगळा एअर फिल्टर. बिलांची जाडजूड फाइल त्यानं कौतुकानं सोबत दिली होती. गाडी सॉलिड पळत होती.

ताम्हिणी उतरताना चौथ्या-पाचव्या वळणानंतर ब्रेकचा पेडल मऊ लागायला लागला. पुढच्या वळणावर आणखी मऊ. त्याच्या पुढच्या वळणावर पाय थेट तळाला टेकला. मित्रानं गाडी तिसऱ्यात टाकली, मग दुसऱ्यात, हॅण्डब्रेक हळूहळू ओढत रस्त्याच्या कडेला आणून थांबवली. मागून बाबा म्हणाले, 'छान जागा आहे, चहा मिळेल का इथे?' त्यांना कळलंच नव्हतं. त्यानंही सांगितलं नाही. अर्धा तास तो चाकांकडे बघत बसला होता.

परत आल्यावर गाडी पुण्यातल्या एका जुन्या मेकॅनिकच्या गॅरेजात गेली. कारण निघालं अगदीच किरकोळ. ब्रेक फ्लुइड. हे द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेतं. वर्षानुवर्षं बदललं नाही, तर त्यात पाणी साठतं. घाटात ब्रेक तापले की ते पाणी उकळतं, त्याचे बुडबुडे होतात, आणि पाय पेडलवर दिला की ब्रेकऐवजी बुडबुडेच दाबले जातात. त्या जाडजूड फाइलमध्ये हजारोंची बिलं होती, पण ब्रेक फ्लुइडचं एकही नव्हतं!

मेकॅनिकमामा हात पुसत म्हणाले, 'साहेब, पॉवर काय, लॅपटॉप लावून अर्ध्या तासात देतात. थांबवणार कोण?'

सेकंडहॅण्ड गाडी घेतली की तिच्याबरोबर आधीच्या मालकाच्या आळसाची थकबाकीही तुमच्या नावावर होते. पुढचे सहा महिने मित्रानं ती फेडली. पहिलं काम म्हणजे रिमॅप काढून कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत टाकून घेतलं. मग एकेका शनिवारी एकेक गोष्ट. ब्रेक फ्लुइड आणि पॅड. टायर. कूलंट. स्पार्क प्लग. टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारे रबरी पाइप, ज्यांना बारीक चिरा गेल्या की दाबलेली हवा वाटेतच फुस्स होते. (साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की चोर सापडला.) आणि टायमिंग बेल्ट, जो किलोमीटर कमी झाले असले तरी वयानंही म्हातारा होतो. तो चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होऊन इंजिनच उघडायची पाळी येऊ शकते. बेल्ट आणि ब्रेकचं काम त्यानं मामांकडून करून घेतलं, बाकीचं पार्किंगमध्ये.

'गाडी कशी वाटते आता?' मी विचारलं. 'पहिल्यापेक्षा कमी पळते,' तो म्हणाला, 'पण आता मी ती खरंच पळवू शकतो.'

पॉवरची भूक

टर्बो गाडीत ताकद वाढवणं मोहाचं आहे, कारण ते सोपं आहे. साध्या इंजिनात थोडी पॉवर वाढवायला बराच लोखंडी कारभार करावा लागतो. टर्बोत सॉफ्टवेअरला सांगायचं, हवेचा दाब थोडा वाढव, पेट्रोल थोडं वाढव, ठिणगीची वेळ बदल. लगेच फरक! पण कंपनीनं आधी जी मर्यादा ठेवलेली असते, ती काही कंजूषपणा म्हणून नव्हे. त्यात आपला मे महिना असतो, ट्रॅफिक असतो, खराब पेट्रोल असतं, आणि चुकलेलं सर्व्हिसिंगही असतं. रिमॅप करताना आपण हीच शिल्लक खर्च करतो.

जास्त दाब आणि कमी ऑक्टेनचं पेट्रोल एकत्र आले, की मिश्रण नको तेव्हा आपोआप पेटतं. याला म्हणतात नॉकिंग. पिस्टनवर आतून हातोडी मारल्यासारखंच! त्यात २०२५ पर्यंत देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलं. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असतो हे खरं, पण लिटरमागे ऊर्जा कमी, आणि दहा वर्षांपूर्वीची गाडी अशा पेट्रोलचा विचार करून बनवलेली नाही. त्यामुळे इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील यांच्यावर लक्ष ठेवणं हे शनिवारच्या यादीतलं नवं काम.

आणि तो आवाज? गिअर बदलताना होणारा 'पश्श'! खास त्या आवाजासाठी व्हॉल्व्ह बसवणारे महाभाग आहेत. त्यानं गाडीची ताकद वाढत नाही, वाढतो तो सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांचा रक्तदाब.

आरटीओ काय म्हणतो?

आता जरा कडू गोळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात बसणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट तर लांबूनच ऐकू येतो. रिमॅप दिसत नाही, पण तोही यात अडकू शकतो. शिवाय विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर उघडा पडला, तर क्लेमवर पाणी सोडायची वेळ येऊ शकते.

दुसरी तारीख आहे २०३० ची. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. २०१५ च्या गाड्या तेव्हा पुन्हा आरटीओच्या दारात उभ्या राहतील, तपासणीसाठी. म्हणून काढलेला एकही मूळ पार्ट भंगारात देऊ नका. मित्राच्या घरी दिवाणाखाली आधीच्या मालकाकडून मागून आणलेला मूळ सायलेन्सर होता. घरचे त्याला पाहुणा म्हणायचे. आता तो गाडीखाली परत बसलाय.

मग पळवायची कुठे?

एक्स्प्रेस-वेवर नाही, हे आधीच सांगून टाकते. तिथे कारला १०० ची मर्यादा आहे आणि वर कॅमेरे आहेत. रात्रीचा रिंगरोड आणि पहाटेचा घाट हेही नाही. तिथे दूधवाला असतो, ट्रक असतो, वळणावर गाय बसलेली असते. खरी जागा म्हणजे रेसट्रॅक. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा सुमारे ३.७ किलोमीटरचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट. ट्रॅक-डे असतो तेव्हा फी भरायची, हेल्मेट घालायचं, आपलीच गाडी आणि समोर कुणी नाही. ट्रॅकवर पाच लॅप मारले की ब्रेक, ऑइल आणि टायर आपापलं खरं बोलायला लागतात.

मित्राचा पुढच्या हिवाळ्यात कोइम्बतूरचा बेत आहे. रिमॅपसाठी बाजूला ठेवलेले पैसे ब्रेक पॅड, टायर आणि ट्रॅकच्या फीमध्ये जाणार आहेत. आई-बाबाही जायचं म्हणतायत, पण ते ट्रेननं!

शनिवारची यादी

* डिपस्टिकवर ऑइल बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून थोडं थांबल्यावर.
* टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३५२२ म्हणजे २०२२ चा ३५ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं होतं.
* ब्रेक फ्लुइड साधारण दोन वर्षांनी बदला. तारीख चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा.
* ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर घ्या. कूलंटचं तापमान आणि इंजिनाच्या तक्रारी मोबाइलवर दिसतात.
* नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. जॅक स्टँड लावा, आणि घरात कुणाला तरी सांगून खाली उतरा.
* काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या.
* एका शनिवारी एकच काम. रविवारी संध्याकाळी गाडी सुटी आणि सोमवारी सकाळी मीटिंग, यासारखा दुसरा ताप नाही!